‘पडलात ना?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’च येते

रात्रीचे साडेअकरा. उपनगरातल्या एका रुग्णालयाचा अपघात विभाग. तिशीची एक बाई डाव्या भुवईवर रुमाल दाबून बाकावर बसली आहे. शेजारी नवरा, त्याच्या खांद्यावर पेंगुळलेली सहा वर्षांची मुलगी. केसपेपर निघतो. डॉक्टर रुमाल बाजूला करून जखम पाहतात. चार टाके पडणार.

‘‘काय झालं?’’

‘‘बाथरूममध्ये पाय घसरला तिचा,’’ नवरा सांगतो.

‘‘पडलात ना, ताई?’’

‘‘हो.’’

‘‘चक्कर, उलटी काही नाही ना?’’

‘‘नाही.’’

केसपेपरवर नोंद होते : घरी घसरून पडल्याने जखम. टाके घातले जातात, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते, ‘पाचव्या दिवशी टाके काढायला या’ असे सांगितले जाते आणि पुढचा रुग्ण आत येतो. उपचारात काही कमी राहिलेले नाही. पण डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले आणि त्यातल्या एकाचेही उत्तर त्या बाईचे स्वतःचे नव्हते. पहिले नवऱ्याने दिले. उरलेल्या दोन प्रश्नांत उत्तर आधीच घातलेले होते, तिने फक्त मान हलवली.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठेही रात्रपाळी केलेल्या डॉक्टरला आणि सिस्टरला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. अशा अनेक हकिकती एकत्र करून तो इथे मांडला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणानुसार देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या केवळ १४ टक्के होत्या. म्हणजे पोलीस ठाण्याची किंवा वकिलाची पायरी बहुतेक जणी चढतच नाहीत. दवाखान्याची पायरी मात्र चढावी लागते. कधी टाक्यांसाठी, कधी न थांबणाऱ्या डोकेदुखीसाठी, कधी बाळंतपणासाठी. तिथे तिला काय विचारले जाते आणि कसे, यावर पुढचे बरेच काही ठरते.

वांद्र्यातली सुरुवात

ही गोष्ट मुंबईत पंचवीस वर्षांपूर्वीच ओळखली गेली. २००० साली महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून वांद्रे पश्चिमेच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सरकारी रुग्णालयातच चालणारे हे देशातले पहिले केंद्र. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे केंद्र झाले, आणि राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत ही सोय पोहोचली.

बाई ‘मला नवरा मारतो’ असे सांगत दवाखान्यात येत नाही, ती दुखणे घेऊन येते, हे ‘दिलासा’मागचे साधे निरीक्षण होते. म्हणून समुपदेशकाची एक खोली उघडून भागणार नव्हते. त्या खोलीपर्यंत तिला पोहोचवणारी माणसे, म्हणजे केसपेपर लिहिणारे डॉक्टर, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर, वॉर्डातल्या आयाबाई, यांना खुणा ओळखायला आणि विचारायला शिकवावे लागले. रुग्णालयातलेच कर्मचारी प्रशिक्षक म्हणून तयार केले गेले. अलीकडे मिरज आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार डॉक्टर आणि परिचारिकांना असे प्रशिक्षण देण्यात आले.

या खुणा वैद्यकीयच आहेत. माणूस घसरून पडतो तेव्हा बहुधा तळहात, कोपर, गुडघा, हनुवटी असे पुढे आलेले भाग खरचटतात. चेहरा, मान, छाती, पोट इथल्या जखमा, किंवा वार अडवताना हाताच्या करंगळीकडच्या बाजूला आलेले वळ वेगळे काही सुचवतात. एकाच वेळी काही ताज्या, काही जुन्या जखमा, सांगितलेली हकिकत आणि जखम यांचा मेळ नसणे, लागल्यानंतर दोन-दोन दिवस उशिरा येणे, तपासण्या स्वच्छ असूनही वर्षानुवर्षे चाललेले पोटाचे, पाठीचे, डोक्याचे दुखणे, वारंवार गर्भपात, ‘चुकून’ प्यायलेले फिनेल. यातली एकही खूण पुरावा ठरत नाही. पण खूण दिसली की विचारायला हवे, एवढे मात्र नक्की.

सोबत कोण आहे, हे आधी

त्या रात्रीच्या प्रश्नांत पहिली चूक शब्दांची नव्हती. ज्याच्याबद्दल विचारायचे तोच माणूस हातभर अंतरावर उभा असेल तर जगातला कुठलाही प्रश्न निरुपयोगी ठरतो, आणि धोक्याचाही. दवाखान्यातून घरी गेल्यावर ‘काय सांगत होतीस त्यांना?’ याचा जाब तिलाच द्यावा लागतो.

त्यामुळे विचारायचे ते एकटीला. ‘तपासायचं आहे, तुम्ही जरा बाहेर थांबा’ हे वाक्य कुठल्याही नवऱ्याला किंवा सासूला खटकत नाही. एक्स-रेची खोली, ड्रेसिंगचा पडदा, लघवीच्या तपासणीसाठी जाण्याचा रस्ता, अशा जागा प्रत्येक रुग्णालयात असतात. एकांत मिळालाच नाही, तर तो प्रश्न त्या दिवशी न विचारणेच योग्य. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हाच दंडक आहे. हिंसेबद्दलचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारतात आणि एकांत नसेल तर तो भाग सोडून देतात.

मुंबईच्या उपनगरांत भाषेचाही प्रश्न येतो. रांगेत मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी बोलणाऱ्या बायका एकामागे एक उभ्या असतात. अशा वेळी सोबतच्या नणंदेला, दिराला किंवा शाळकरी मुलीला दुभाषी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. आईला कोणी मारले, हे लेकीच्या तोंडून वदवून घेणे हा त्या मुलीवरही अन्याय आहे. भाषा जाणणारी सिस्टर किंवा आयाबाई शोधायला पाच मिनिटे लागतात.

‘ना’ची करामत

दुसरी चूक एका अक्षराची. ‘पडलात ना?’, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’, ‘अजून काही नाही ना?’ मराठीतला हा शेवटचा ‘ना’ दिसायला आपुलकीचा. पण विचारणाऱ्याला कुठले उत्तर हवे आहे, ते तो आधीच सांगून टाकतो. थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला समोरच्याच्या मनासारखे उत्तर देणे सगळ्यात सोपे वाटते.

एका शब्दाने इतका फरक पडतो का? अमेरिकेत जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिले. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वीस फॅमिली डॉक्टरांच्या रुग्णांकडून आत जाण्यापूर्वीच तक्रारी लिहून घेतल्या. काही डॉक्टरांना शेवटी ‘आणखी काही आहे का?’ हे इंग्रजीतल्या ‘एनी’ या शब्दाने विचारायला सांगितले, काहींना ‘सम’ या शब्दाने. व्याकरणाने दोन्ही प्रश्न सारखेच, पण पहिल्याचा कल ‘नाही’कडे आणि दुसऱ्याचा ‘हो’कडे. ‘सम’ वापरल्यावर एरवी राहून जाणाऱ्या तक्रारींपैकी ७८ टक्के तक्रारी पुढे आल्या. ‘एनी’चा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही. आणि तपासणीचा वेळ लक्षणीय वाढला नाही.

मराठीत हाच फरक ‘अजून काही नाही ना?’ आणि ‘अजून काय सांगायचं आहे?’ या दोन वाक्यांत आहे. दुसऱ्या वाक्यात, सांगण्यासारखे काहीतरी असेल, हे विचारणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

यावर सगळ्या डॉक्टरांचे उत्तर ठरलेले असते : ‘बाहेर रांग लागली आहे, बोलू दिले तर संपायचेच नाही.’ याही शंकेचे मोजमाप झाले आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींची ध्वनिमुद्रणे तपासली. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलले होते. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे काही डॉक्टरांना रुग्णाला न अडवता ऐकायला शिकवले आणि गुपचूप घड्याळ लावले. ३३५ रुग्णांचे आपणहून बोलणे सरासरी ९२ सेकंदांत संपले, आणि १०० पैकी ७८ जणांचे दोन मिनिटांच्या आत. आपली ओपीडी म्हणजे बाझेल नव्हे, हे खरे. पण रांगेतल्या प्रत्येकाला दोन मिनिटे द्यायची नाहीतच. खूण दिसली तिथे द्यायची आहेत.

पाचव्या दिवशी

ती बाई पाचव्या दिवशी टाके काढायला आली. सकाळची वेळ, नवरा कामावर, मुलगी शाळेत. सिस्टरांनी पडदा ओढला, कात्री-चिमटा घेतला आणि पहिला टाका कापता कापता म्हणाल्या,

‘‘ताई, भुवईवर अशी जखम घेऊन बऱ्याच जणी येतात आमच्याकडे. कोणी खरंच पडलेली असते, कोणाला घरात मारलेलं असतं. म्हणून आम्ही अशी जखम दिसली की विचारतोच. त्या रात्री काय काय झालं?’’

बाई गप्प. सिस्टरही गप्प. दुसरा टाका निघाला, तिसरा निघाला.

‘‘मिक्सरचं भांडं फेकलं त्यांनी,’’ बाई म्हणाली.

या एका वाक्यासाठी सिस्टरांनी तीन गोष्टी केल्या होत्या. ‘बऱ्याच जणी येतात’ असे सांगून लाजेचे ओझे कमी केले. पडणे आणि मार हे दोन्ही पर्याय सारख्याच स्वरात समोर ठेवले, त्यामुळे कुठलेही उत्तर चालणार होते. आणि प्रश्न विचारल्यावर त्या थांबल्या. प्रश्नानंतरची शांतता आपल्याला सोसवत नाही, आपण लगेच दुसरा प्रश्न टाकतो आणि ओठांवर आलेले उत्तर परत जाते. हातात काम असेल तर ही शांतता सोपी जाते. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांना बायका डॉक्टरांपेक्षा जास्त सांगतात, त्याचे एक कारण हेही असावे.

त्यांनी सुरुवात ‘ए बाई, तू’ अशी केली नाही, ‘ताई’ म्हणून केली, हेही नोंदवण्यासारखे आहे. घरात जिला दिवसभर एकेरीत हाक येते, तिच्या कानाला हा फरक लगेच कळतो.

पुढचे प्रश्न ठोस होते. ‘घरी छळ होतो का?’ असे विचारले तर बहुतेक बायका ‘नाही’ म्हणतात. छळ म्हणजे जाळणे, हाडे मोडणे. आपल्याकडे तर ‘फक्त राग आला की हात उचलतात’, असा त्यांचा हिशेब असतो. म्हणून मोठा शब्द टाळून कृती विचारायची : कधी ढकललं, थोबाडीत मारली, केस धरून ओढलं? पगाराचे पैसे काढून घेतात? माहेरी बोलू देत नाहीत? नको म्हटल्यावरही जबरदस्ती होते? कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावलीही अशीच कृतीवार आहे. जिला ‘छळ’ हा शब्द आपला वाटत नाही, तिला ‘केस धरून ओढलं’ हे मात्र लख्ख आठवते.

‘का’ नको, ‘काय’ आणि ‘कसं’

एकदा बोलणे सुरू झाले की चांगल्या मनाच्या माणसाकडूनच सर्वाधिक चुका होतात. ‘इतके दिवस का सोसलंस?’ ‘आधी का नाही आलीस?’ ‘मग सोडत का नाहीस त्याला?’

मराठीत ‘का’ने सुरू होणारा प्रश्न लहानपणापासून आपण रागावण्याच्या सुरातच ऐकलेला असतो. गृहपाठ का केला नाही? उशीर का झाला? त्यामुळे ‘का’ ऐकले की माणूस माहिती देत नाही, सफाई देतो. आणि मार खाणाऱ्या बाईने सफाई द्यायला लागणे म्हणजे चूक तिची ठरणे.

तीच माहिती ‘काय’, ‘कसं’, ‘कधी’ने काढता येते. ‘आधी का नाही आलीस?’ ऐवजी ‘याआधी यावंसं वाटलं तेव्हा काय अडलं?’ ‘सोडत का नाहीस?’ ऐवजी ‘तिथून निघायचं म्हटलं तर कशाकशाची काळजी वाटते?’ उत्तरे मग खरी येतात. खोली नवऱ्याच्या नावावर आहे. मुलीची शाळा मध्येच तुटेल. माहेर कोकणात, वडील आजारी, भावाचे लग्न व्हायचे आहे. ही अडचणींची यादी मिळाली तरच मदतीला दिशा मिळते.

यातला एक प्रश्न मात्र सरळच विचारायला हवा, आणि तो प्रत्येकीला : ‘कधी गळा दाबला होता का?’

गळा दाबल्याची खूण कातडीवर दिसेलच असे नाही. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके, त्या वेळी शुद्ध हरपणे किंवा नकळत लघवी होणे एवढ्याच खुणा असू शकतात. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन नंतर काही तासांनी किंवा दिवसांनी पक्षाघाताचा झटकाही येऊ शकतो, म्हणून तपासणी आवश्यक. पण याहून मोठे कारण पुढचे आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२००८) असे दिसले, की ज्या बायकांचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबला होता, त्यांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका हिंसा सोसणाऱ्या इतर बायकांपेक्षा सुमारे सात पट होता. बायका हे आपणहून सांगत नाहीत, कारण ‘वळ उठला नाही’ म्हणून त्यांना ते थोबाडीत मारण्यापेक्षाही किरकोळ वाटते. मार अलीकडे वाढला आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली आहे का, गरोदरपणात मारले का, हेही याच यादीतले प्रश्न. यांचे उत्तर ‘हो’ असेल तर त्या रात्री तिला घरी पाठवायचे की वॉर्डात ठेवून घ्यायचे, याचा विचार करावा लागतो.

‘चुकून’ औषध प्यायलेल्या बाईच्या बाबतीतही आडवळण नको. ‘त्या वेळी जीव नकोसा झाला होता का?’ असे विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. या विषयावरच्या संशोधनांच्या आढाव्यात तसे आढळले नाही. गुन्हा दाखल होईल या धास्तीने घरचे लोक ‘चुकून’ हा शब्द सांगतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते. जुने ३०९ कलमही नव्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. हे तिला आधी सांगितले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

समुपदेशकाच्या खोलीत

टाके निघाल्यावर सिस्टरांनी विचारले, ‘‘वर एक ताई बसतात, त्यांच्याशी बोलायला आवडेल?’’ ‘जा’ असे म्हटले नाही. बाई गेली.

समुपदेशनात मदत घेणाऱ्याला ‘क्लायंट’ म्हणतात. मानसोपचारात हा शब्द रूढ करण्यात कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. त्यांच्या १९४२ आणि १९५१ सालच्या पुस्तकांनी तो सर्वत्र पोहोचवला. दुखणे ज्याचे, त्यालाच ते सर्वाधिक माहीत असते. समुपदेशकाने त्याला स्वतःचा रस्ता शोधायला मदत करायची, ही त्यामागची भूमिका. आज अंधेरीच्या चकचकीत कचेऱ्यांत व्यवस्थापकांना जे ‘कोचिंग’ दिले जाते, त्यातली प्रश्नांची पद्धतही याच मुळातून आली आहे. तिथे प्रश्न चुकला तर तासभर वाया जातो. इथे बाई पुन्हा येत नाही.

समुपदेशक ताईंनी सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या. इथले बोलणे इथेच राहील. मात्र अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ‘पॉक्सो’ कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गुप्ततेची मर्यादा प्रश्नाआधी सांगायची, उत्तरानंतर सांगितली तर तो विश्वासघात वाटतो.

मग पहिला प्रश्न : ‘‘तुम्हाला आत्ता काय हवंय?’’

तक्रार, घटस्फोट, पोटगी यातले काहीच तिने म्हटले नाही. ‘‘मुलीची शाळा सुटू नये. आणि मला रात्रीची झोप लागावी.’’

इथे ‘आधी पोलिसांत चला’ असा सल्ला देणारा माणूस चुकीचा ठरला असता असे नाही. तो फार लवकर बोलला असता. ताईंनी पुढे विचारले, ‘‘कुठल्या दिवशी जास्त होतं?’’ पगार झाल्यावर, शनिवारी रात्री. ‘‘अशा रात्री आजवर तुम्ही स्वतःला आणि मुलीला कसं वाचवलंत?’’ हा प्रश्न ऐकून बाई थोडी चमकली. आपण काही केले आहे, असे तिला वाटतच नव्हते. मग आठवून म्हणाली, ‘‘ते पिऊन आले की मी मुलीला घेऊन शेजारच्या काकींकडे जाते. टीव्ही बघायला आलो म्हणून सांगते.’’

सुरक्षिततेचा आराखडा इथून सुरू झाला, तिनेच शोधलेल्या वाटेवरून. काकींना खरे कारण माहीत आहे का? त्यांच्याकडे एक पिशवी ठेवता येईल? आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, बँकेचे पासबुक, मुलीचा जन्मदाखला, चार कपडे, थोडे पैसे. त्या रात्री दार आतून बंद असेल तर मुलीने कोणाला हाक मारायची? मोबाइल कोण तपासतो? आम्ही फोन केला तर कुठल्या वेळी चालेल, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर कोण म्हणून सांगायचे?

माहितीही दिली, पण प्रश्नांच्या ओघात. महिलांचे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण कायदा, २००५ नुसार घर न सोडताही न्यायालयाकडून संरक्षणाचा आणि त्याच घरात राहण्याचा आदेश मिळवता येतो, हे तिला ठाऊक नव्हते. खोली नवऱ्याच्या नावावर आहे म्हणजे आपण रस्त्यावर, असे ती धरून चालली होती.

केसपेपरवर नवी नोंद झाली. जुनी खोडली नाही. तारीख-वेळ घालून, तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत खाली लिहिले. ‘पडल्याने जखम’ एवढ्याच नोंदीचा उद्या न्यायालयात तिला उपयोग झाला नसता. याच कायद्याच्या नियमांनुसार वैद्यकीय तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत मिळते. मात्र ती घरी न्यायची की नाही, हेही तिलाच विचारायचे. तिने ती काकींकडच्या पिशवीत ठेवायचे ठरवले.

प्रश्नाची जबाबदारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत (२०१३) दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट हे विचारावे असे म्हटलेले नाही. खुणा दिसतील तिथे विचारा, आणि त्याआधी एकांत, प्रशिक्षण आणि पुढे पाठवण्याची सोय असल्याची खात्री करा, असे म्हटले आहे. प्रश्नाने जखम उघडायची आणि मग ‘बघा बुवा काय ते’ म्हणून सोडून द्यायचे, हे न विचारण्याहून वाईट. त्याच संघटनेने प्रथम मदतीचे पाच टप्पे सांगितले आहेत : ऐका, गरजा विचारा, तिचे म्हणणे खरे माना, सुरक्षितता वाढवा, पुढच्या आधाराशी जोडा. यातला तिसरा टप्पा एका वाक्याचा आहे : ‘यात तुमची चूक नाही.’ तो प्रश्न नाही, पण त्याशिवाय पुढचे प्रश्न चौकशी वाटतात.

दवाखान्याबाहेरही हे लागू पडते. शेजारीण, मैत्रीण, बहीण यांच्याबद्दल शंका येते तेव्हा आपण ‘सगळं ठीक आहे ना?’ विचारतो, ‘हो’ ऐकतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. त्याऐवजी एकटी गाठून विचारावे, ‘गेले काही दिवस तू गप्प दिसतेस. काय चाललंय?’ मग थांबावे. ती काही बोलली नाही तरी हरकत नाही, विचारणारे कोणीतरी आहे हे तिला कळते. बोलली तर ‘का’ टाळावे, निर्णय तिच्यावर सोडावा, आणि हे क्रमांक द्यावेत : महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, मानसिक त्रासासाठी ‘टेली-मानस’ १४४१६, मुलांसाठी १०९८. क्रमांक तिच्या फोनमध्ये साठवण्याआधी तो फोन आणखी कोण पाहतो, हे विचारून घ्यावे.

त्या बाईने महिनाभर तक्रार केली नाही, घरही सोडले नाही. दोन शनिवार ती मुलीसह काकींकडे झोपली. पाचव्या आठवड्यात ती पुन्हा समुपदेशकाच्या खोलीत आली. या वेळी जखम नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या तिनेच विचारले, ‘‘ताई, ते घरात राहायच्या आदेशाचं तुम्ही म्हणाला होतात, त्याला कागद कुठले लागतात?’’